तीन पायऱ्यांसाठी वेल्डिंग मशीन

घरात वेल्डिंग मशीन घ्यायचं चाललंय, असं चारचौघांत कधी बोलू नये. मी अनुभवाने सांगतोय. मोटार घेतोय म्हटलं तर लोक पेढे मागतात, घर रंगवतोय म्हटलं तर रंग सुचवतात. पण वेल्डिंग मशीन म्हटलं की समोरचा माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, मग हातांकडे आणि शेवटी तुमच्या बायकोकडे. त्या एका महिन्यात माझ्या बायकोला जेवढी सहानुभूती मिळाली, तेवढी माझ्याशी लग्न झालं तेव्हाही मिळाली नव्हती.

खरं म्हणजे मला मशीन नकोच होतं. मला कठडा हवा होता. आमचं घर ओळीतलं, बैठं. दारातून अंगणात उतरायला तीन पायऱ्या, मग सात पावलांचं अंगण, पुढे पोटाएवढी भिंत आणि लोखंडी गेट. गेटसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे झाडाखाली एक बाक. या बाकावर माझे वडील, म्हणजे नाना, आणि त्यांचे मित्र घड्याळकाका रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळत. घड्याळकाकांनी पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली. त्यामुळे हात अजून स्थिर, पण घाई म्हणून नाही. एका चालीला अर्धा तास घेतात.

त्या महिन्याच्या अडीच महिने आधी असाच एक डाव अर्धवट राहिला. नाना पट तसाच, सोंगट्यांसकट, दोन्ही हातांवर तोलत घरी आणत होते आणि मधल्या पायरीवर घसरले. मनगट मोडलं. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी आधी डाव्या हाताने तो डाव आठवून जसाच्या तसा मांडला आणि मग गोळी घेतली. मनगट यथावकाश बरं झालं. पायऱ्यांवरचा विश्वास मात्र गेला तो गेलाच. नाना दारापर्यंत यायचे, पहिल्या पायरीकडे बघायचे आणि परत फिरायचे. घड्याळकाकांचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे त्यांना वर येता येत नाही. म्हणजे दोन मित्र, मध्ये तीन पायऱ्या. फोनवरून चाली सांगा म्हटलं, तर घड्याळकाकांना फोनवर ऐकू येत नाही आणि नानांना समोरच्याचा चेहरा बघितल्याशिवाय खेळता येत नाही.

"नाना, माझा हात धरा आणि उतरा," मी म्हणालो.

"मी काय बालवाडीत चाललोय?"

"मग खुर्चीत बसवून नेतो. मी आणि शेजारचे दोघं उचलू."

"मला उचलून न्यायची वेळ यायची तेव्हा येईल," नाना म्हणाले. "तोवर मी माझ्या पायांनी जाईन. धरायला काहीतरी लाव तिथे."

म्हणून मी ग्रिलवाल्याला बोलावलं. ग्रिलवाला आमच्या भागातला नामांकित कारागीर. तो आला, माप घेतलं आणि म्हणाला, "उद्या लावतो साहेब." असं तो महिनाभर म्हणाला. मध्ये दोनदा येऊन परत माप घेऊन गेला. तिन्ही मापं वेगवेगळी आली, पायऱ्या मात्र आहेत तेवढ्याच होत्या.

मग एक तारखेला बातमी आली. घड्याळकाकांना त्यांची मुलगी कायमची आपल्याकडे नेणार. तीस तारखेला सकाळी दहाला गाडी येणार.

नाना पटासमोर बसले होते. पटावर धूळ बसू नये म्हणून बायको रोज एकेक सोंगटी उचलून पुसायची आणि तिथेच ठेवायची. नाना म्हणाले, "चाल त्याची आहे. अडीच महिने विचार करतोय तो. एवढा विचार करून माणूस काय चाल करतो, ते मला बघायचंय." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी काहीतरी ठरवून बसतो, हा माझा जुना दोष आहे. मी म्हणालो, "नाना, कठडा मी करतो. स्वतः."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला.

आता मशीन निवडायचं. मी नोंदणी कचेरीत हेडक्लार्क आहे. सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज तपासतोय. एक जरी रकाना रिकामा दिसला तरी अर्ज परत, मग अर्जदार कुणीही असो. त्यामुळे मी मशीन निवडायलाही वही घेतली आणि रकाने आखले. नाव, वजन, अँपिअर, हमी, आवाज, रंग. बायकोने शेवटी आपल्या हाताने एक रकाना वाढवला, "गरज", आणि तो रिकामा ठेवला. मी तिच्यासमोरच बसून तो भरला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आमच्या डावीकडे तज्ज्ञ राहतात. त्यांना सगळे तज्ज्ञ म्हणतात, कारण सुरुवात त्यांनीच केली. ते म्हणाले, "हल्लीची ती डब्याएवढी इन्व्हर्टर मशीनं आतून पोकळ असतात. घ्यायचं तर जुनं, तांब्याच्या गुंडाळीचं घ्या. दोन माणसांना उचलायला लागलं पाहिजे. मशीन म्हणजे वजन हो." नंतर जरा विचार करून त्यांनी असंही विचारलं, की नाना पडले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत पट होता, तर कठडा असता तरी त्यांनी तो कशाने धरला असता? तज्ज्ञांचा हा एक स्वभाव आहे. त्यांचा प्रश्न बरोबर असतो आणि त्याचा उपयोग नसतो.

कचेरीत जमा विभाग सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं, वायर आपोआप सरकत येते ते मशीन घ्यावं, जोड लोण्यासारखा येतो. फक्त त्याला गॅसची टाकी लागते आणि ती ठेवायला खोली. मेहुण्याने फोनवर सांगितलं, "दोनशे अँपिअरच्या खाली बघूच नका, भाऊजी." मेहुणा विमा विकतो. मोबाइलवर मी जगभरचे वेल्डिंगचे व्हिडिओ पाहिले. एका गृहस्थाने दाढीची दोन पाती एकमेकांना जोडून दाखवली. ती कशाला जोडायची हे त्याने सांगितलं नाही, पण त्याचं समाधान बघून मला हेवा वाटला.

या सगळ्यात ड्यूटी सायकल नावाचा एक प्रकार कळला. म्हणजे मशीनने दहा मिनिटांतली किती मिनिटं काम करायचं आणि किती थंड होत बसायचं. स्वस्त मशीन दहातली चार मिनिटं काम करतं आणि सहा मिनिटं नुसतं गुणगुणतं. हे वाचल्यावर मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. आमच्या कचेरीत असे दोघं आहेत आणि दोघंही बढतीला पात्र आहेत.

यात अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी नानांनी विचारलं, "आज किती तारीख?" त्यांना तारीख पाठ होती. मी वही बंद केली आणि सरळ दुकानात गेलो.

दुकानदार वयस्क होता. मी वही उघडून सतरा मशीनांची तुलना वाचायला लागलो. त्याने ती पानभर ऐकून घेतली आणि विचारलं, "जोडायचं काय आहे?"

अकरा दिवसांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी म्हणालो, "कठडा. तीन पायऱ्यांचा."

"पाईप?"

मी बोटांनी जाडी दाखवली.

"मग हे घ्या," म्हणून त्याने सगळ्यात खालच्या फळीवरचं एक छोटं पिवळं मशीन काढलं. "दोनशे लिहिलंय, एकशेवीस समजा. तुम्हाला ऐंशी बास झाले. अडीच मिलिमीटरचा रॉड वापरा, पाईप पातळ आहे, जाड रॉडने भोकं पडतील. पण मुखवटा मात्र चांगला घ्या. मशीन बिघडलं तर मी दुसरं देईन. डोळे मी ठेवत नाही दुकानात."

माझ्या सतरा मशीनांत हे नव्हतं. त्याचा रंगही मी कुठे लिहिला नव्हता. घरी आणल्यावर बायको म्हणाली, "अय्या, शिवणयंत्राच्या झाकणाएवढंच आहे हो." तज्ज्ञांनी ते एका हाताने उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

मग मी मुखवटा चढवला, चामड्याचे हातमोजे घातले, अर्थिंगचा चिमटा पाईपला लावला, वितळून जोड भरणारा रॉड होल्डरमध्ये धरला आणि खिडकीतल्या नानांना नमस्कार केला. रॉड पाईपला टेकवला. निळा उजेड पडला, रॉड पाईपला चिकटून बसला आणि आमच्या घरातली वीज गेली. फक्त आमच्या घरातली असती तर बिघडलं नसतं. ओळीतल्या चारही घरांतली गेली. सगळे आपापल्या दारात येऊन माझ्याकडे बघायला लागले. मी मुखवटा काढला नाही.

कळलं ते असं, की आमच्या मीटरवर मंजूर असलेला भार फार थोडा आहे. तो वाढवायला वीज कचेरीत अर्ज करायचा. अर्ज एका पानाचा होता. मी तो खिडकी नंबर चारसमोर उभ्याउभ्या भरला. नाव, पत्ता, मीटर क्रमांक. शेवटचा रकाना होता, "इतर कारण, असल्यास".

इथे माझा घात झाला. कुठलाही शहाणा माणूस तो रकाना सोडून देतो. पण सव्वीस वर्षं मी हाच रकाना रिकामा दिसला म्हणून लोकांना परत पाठवलंय. माझा हात थांबेना. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "वेल्डिंग".

चार नंबरच्या माणसाने अर्ज वाचला. चष्मा वर केला. "हे कशाला लिहिलंत?"

"असल्यास म्हटलंय. आहे."

"आता हा घरगुती राहिला नाही. कारखान्यात गेला. दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या शेजाऱ्यांची ना हरकत लागेल. मी तपासणीला येईन. तोपर्यंत तात्पुरती परवानगी देतो, ना हरकत आणलीत की."

"मी खोडतो ते."

"खाडाखोड चालत नाही." मग तो किंचित हसला. "तुम्ही नोंदणीतले ना? सहा वर्षांपूर्वी माझ्या घराचा अर्ज तुम्ही तीनदा परत पाठवला होतात. 'इतर, असल्यास'मध्ये 'नाही' लिहिलं नव्हतं म्हणून."

मी त्याची क्षमा मागणार होतो. पण मागे रांग होती, आणि रांगेसमोर हेडक्लार्कने क्षमा मागायची म्हणजे फारच झालं. मी अर्ज घेऊन बाहेर पडलो.

शेजाऱ्यांची हरकत कुणाचीच नव्हती. फक्त प्रत्येकाचं एक छोटंसं काम होतं. तज्ज्ञांना टीव्हीखाली ठेवायला लोखंडी घडवंची हवी होती. "तुमच्याकडे मशीन आहेच," ते सही करण्याआधी म्हणाले. समोरच्या वहिनींना कपडे वाळत घालायचा स्टँड. उजवीकडचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "मला काही नको," आणि सही करून झाल्यावर कुंड्यांच्या मांडणीचं चित्र काढून दिलं. सगळ्यांना मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला जमत नाही. कचेरीत जमतं, कारण तिथे मध्ये काच असते.

तात्पुरती परवानगी मिळाली तेव्हा सतरा तारीख उलटून गेली होती. आणि शब्द दिलेला असल्यामुळे आधी शेजाऱ्यांची कामं. बायको म्हणाली, "अहो, आधी नानांचं करा ना." मी म्हणालो, "सहीला मान द्यावा लागतो." ती म्हणाली, "नाना सही करत नाहीत म्हणून त्यांना मान नाही का?" मी मुखवटा घातला.

घडवंचीचे चार पाय मी जोडले. पैकी तीन जमिनीला टेकत. कुठलेही तीन. तज्ज्ञांनी टीव्ही ठेवला तेव्हा तो हळूच मान कलती करून त्यांच्याकडे बघायला लागला. वहिनींच्या स्टँडच्या पाईपला मी इतकी भोकं पाडली की वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "बासरीसारखंच झालंय." माझे जोड दिसायला कसे होते ते सांगायला हवं. नानांनी खिडकीतून एकदाच विचारलं, "तिथे वर कबुतरं बसतात का रे?"

वीस तारखेला मी एक जोड जवळून बघायला मुखवटा जरा वर केला आणि त्याच वेळी हातातला रॉड टेकला. तेव्हा काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र डोळ्यांत वाळू घातल्यासारखं झालं. डोळे लालभडक आणि घळाघळा पाणी. तसाच कचेरीत गेलो. नेमकं त्या दिवशी एका विधवा बाईंचा अर्ज माझ्या टेबलावर होता. मी तो वाचतोय आणि रडतोय, असं सगळ्या खात्याने पाहिलं. जमा विभागाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सव्वीस वर्षांत माझ्याशी कामापलीकडे न बोललेल्या साहेबांनी मला आत बोलावून पाणी दिलं आणि म्हणाले, "मन मोकळं करा. चार दिवस रजा घ्या." ही रजा मी गेल्याच आठवड्यात मागितली होती आणि त्यांनी नाकारली होती. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब दिले, दोन दिवस अंधाऱ्या खोलीत बसायला सांगितलं आणि नाव लिहून घेताना विचारलं, "वेल्डर का?" डोळे झोंबत होते तरी मला जरा बरं वाटलं.

पण ते दोन दिवस गेलेच. अंधाऱ्या खोलीत बसून मला बाहेरचं ऐकू येत होतं. नाना दारापर्यंत आले. थांबले. परत गेले. मग पुन्हा आले. त्यांच्या चपलांचा आवाज पहिल्या पायरीशी बंद व्हायचा. मी तिथे बसून स्वतःला खूप बोललो. सतरा मशीनं, सात रकाने, तीन शेजारी, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो म्हातारा माणूस अजून दारातच उभा.

सव्वीस तारखेला मी कठड्याला हात घातला आणि पहिल्याच पाईपला आरपार भोक पाडलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्या वेळी बायको बाहेर आली. ती ब्लाउज शिवते. आजूबाजूच्या बायका तिच्याकडे लांबून येतात, कारण तिची शिलाई उसवत नाही. ती म्हणाली, "द्या इकडे."

"हे शिवणकाम नाही."

"दिसतंयच ते."

तिने मुखवटा घातला. रॉड धरला. माझ्यासारखा खुपसला नाही, नुसता टेकवला आणि हळू ओढत नेला. हात हलला नाही. चार मिनिटं झाल्यावर मशीन दमलं, ती दमली नाही. वरचा काळा पापुद्रा तिने हातोडीने ठोकून काढला. खाली जोड होता. बारीक, सलग, एकाशेजारी एक टाके घातल्यासारखा. मी तो बोट लावून पाहिला, गरम होता, बोट भाजलं.

खिडकीतून नाना म्हणाले, "हां."

या "हां"साठी मी बावन्न वर्षं वाट बघतोय.

आणि त्याच संध्याकाळी, तोंडी फिरणारी बातमी ऐकून म्हणा किंवा त्याचा उद्या एकदाचा उगवला म्हणून म्हणा, ग्रिलवाला आला. अंगणात पडलेले जोड त्याने उकिडवं बसून पाहिले. "हे कोणी केलं?"

"हिने."

"ताई, हात फार चांगला आहे. आणि हे?"

"ते मी."

त्याने त्या जोडावर नख घासून पाहिलं. "हे घासून काढू," तो म्हणाला.

पुढचे तीन दिवस तो आणि बायको मिळून काम करत होते. तो सांगायचा, आधी चारी कोपऱ्यांत टाके मारून घ्या, सरळ आहे का बघा, मग भरा. ती म्हणायची, म्हणजे कच्ची शिलाई आधी. तो म्हणायचा, तेच. त्यांचं इतकं जमलं की मी चहा करायला लागलो. मी काही मदत करू का, असं मी तासातासाने विचारत होतो. शेवटी एकोणतीस तारखेला ग्रिलवाला म्हणाला, "साहेब, तुमच्या गेटची कडी सैल झालीय. ती तेवढी करून टाका."

मला कळत होतं की मला बाजूला काढतायत. पण काम ते काम. मी गेट नीट बंद केलं, म्हणजे कडी बरोबर जागेवर येईल. जाड लोखंड होतं, भोक पडायची भीती नव्हती, म्हणून मशीन पूर्ण वाढवलं. आणि काय सांगू, काय जोड झाला. भरीव, चकचकीत, एकाही कबुतराचा संशय येणार नाही असा. मी वरून हातोडी मारून पाहिली. हललासुद्धा नाही. ग्रिलवाला कठडा पायऱ्यांत रोवून, घाईघाईने सामान भिंतीवरून टाकून आणि स्वतःही भिंतीवरून उडी मारून गेला. तो असं का गेला, हा विचार मला तेव्हा आला नाही. मला वाटलं, कारागीर माणूस आहे, त्याची पद्धत असेल.

तीस तारीख. नऊ वाजता नाना इस्त्रीचा सदरा घालून दारात आले. कठडा गुळगुळीत होता, बायकोने त्याला निळा रंग दिला होता. नानांनी तो आधी हलवून पाहिला. मग उजव्या हाताने घट्ट धरला. एक पायरी. थांबले. दुसरी. ती मधली होती, तिच्यावर जरा जास्त थांबले. तिसरी. मग त्यांनी कठडा सोडला आणि सात पावलं चालत गेटपर्यंत गेले. मागून बायको दोन्ही हातांवर पट तोलत येत होती. रस्त्यापलीकडे बाकावर घड्याळकाका उठून उभे राहिले होते.

नानांनी कडी ओढली. मग मी ओढली. मग तज्ज्ञ आले आणि त्यांनी वाकून बघितलं.

"काय हो," तज्ज्ञ म्हणाले, "तुम्ही कडी गेटला जोडलीय ते ठीक आहे. पण ती खांबालाही जोडलीय."

मी ग्रिलवाल्याला फोन केला. कापायचं मशीन घेऊन लगेच ये म्हटलं. तो म्हणाला, "उद्या येतो साहेब."

सव्वानऊ. मी करवत आणली आणि घासायला लागलो. कडीवर नुसता एक ओरखडा उठला. आयुष्यात एक जोड मला पक्का जमला होता, आणि तो इथे. नाना गेटशी उभे. मी मान वर करायला धजत नव्हतो. "नाना," मी म्हणालो, "मला माफ करा." आणि यावेळी डोळ्यांतलं पाणी वेल्डिंगचं नव्हतं.

"अरे, तू बाजूला हो," नाना म्हणाले. ते रस्त्याकडे बघत होते. घड्याळकाका रस्ता ओलांडत होते, एकेक पाऊल मोजून. ते भिंतीशी आले. इकडे नाना, तिकडे घड्याळकाका, मध्ये पोटाएवढी भिंत. घड्याळकाकांनी भिंतीवर तळहात ठेवून ती सपाट आहे का ते पाहिलं.

"बाकापेक्षा बरी आहे," ते म्हणाले. "सुनबाई, मांड."

बायकोने पट भिंतीवर ठेवला. मी आतून एक स्टूल पलीकडे दिलं, एक इकडे ठेवलं. घड्याळकाका बसले, चष्मा पुसला आणि साडेतीन महिन्यांच्या विचारानंतर त्यांनी हात पुढे केला. सगळी ओळ जमली होती. त्यांनी एक प्यादं एक घर पुढे सरकवलं.

"एवढंच?" नाना म्हणाले.

"मग काय, विचार करत होतो का मी," घड्याळकाका म्हणाले. "तू कधी उतरतोस याची वाट बघत होतो."

नानांनी खाली बघून घोडा उचलला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला.

साडेनऊला एक गृहस्थ हातात फाइल घेऊन गेटशी आले. चार नंबर. तपासणीला. त्यांनी गेट ढकललं, कडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. ते भिंतीवरून कठडा बघत राहिले, पिवळं मशीन बघत राहिले, मग पट बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "आजोबा, हत्ती धोक्यात आहे." दोन्ही आजोबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते फाइलमध्ये तोंड घालून लिहायला लागले. लिहून झाल्यावर माझ्याजवळ आले.

"घरगुतीच आहे, मी तसं लिहिलंय. एकच रकाना राहिलाय. इतर, असल्यास. काय लिहू?"

मी भिंतीकडे पाहिलं. नाना पुढे वाकून घड्याळकाकांच्या चेहऱ्याकडे बघत होते, पटाकडे नाही.

"रिकामा सोडा," मी म्हणालो.

चार नंबरने पेन खिशात ठेवलं आणि सरळ माझ्याशी हात मिळवला.

दहाला गाडी आली. मुलगी उतरली, आणि भिंतीपाशी येऊन डाव बघत उभी राहिली. नानांनी शह दिला. घड्याळकाकांनी पट नीट पाहिला, त्यांच्या पद्धतीने, सावकाश. मग त्यांनी आपला काळा राजा आडवा केला.

"हरलो," ते म्हणाले. आणि तो राजा उचलून सदऱ्याच्या खिशात घातला.

"अरे, माझा पट अर्धवट होईल," नाना म्हणाले.

"होऊ दे. पुढचा डाव माझ्याकडे. ये घेऊन जायला." मग त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं. "आता उतरता येतं तुला."

भिंतीवरून दोघांनी हात धरले. मग गाडी गेली. नाना ती वळणापर्यंत बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळले.

"गेट कधी उघडतंय?"

"तो उद्या म्हणालाय."

"त्याचा उद्या नको. तू काप. मला राजा आणायला जायचंय."

मी करवत घेऊन बसलो. दुपारचे चार वाजले तेव्हा अर्धी कडी कापून झाली होती आणि तळहाताला फोड आले होते. तोपर्यंत नाना कठडा धरून सहा वेळा खाली उतरले आणि सहा वेळा वर गेले. दर वेळी माझ्याजवळ येऊन विचारत होते, झालं का, आणि झालं नाही म्हटलं की खुशीत परत फिरत होते.